पोलादी पान आणि लोखंडी लाकूड

शाळेला सुट्टी लागली की हल्ली अनेक घरांत एक नवीच लोहारकी सुरू होते. भाता नाही, ऐरण नाही, ठिणगी उडत नाही. पण सहावी-सातवीतला पोरगा संगणकासमोर बसून तासन्‌तास लोखंड वितळवत असतो. आज्जी विचारते, "काय करालास रे एवढं?" उत्तर येते, "चिलखत करालोय आज्जी. आणखी आठ तुकडे पाहिजेत." आज्जीला वाटते, शाळेच्या गॅदरिंगसाठी पुठ्ठ्याचे काहीतरी चालले असेल. मग ती डोकावून बघते, तर पडद्यावर चौकोनी डोक्याचा एक माणूस चौकोनी दगड फोडत उभा! "ह्याला काय म्हणायचं तरी काय?" असे पुटपुटत ती आत जाते.

ह्याला काय म्हणायचे, हाच आजचा विषय. घरातला मुलगा किंवा मुलगी ज्या गोष्टीत रोज दोन तास घालवते, ती गोष्ट निदान आपल्याला समजावी, मग परवानगी द्यायची की कान पिळायचा ते ठरवता येते. न समजता केलेली बंदी आणि न समजता दिलेली मोकळीक, दोन्ही सारख्याच वाया जातात.

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधील मार्कुस पेर्सन यांनी तो २००९ साली लोकांपुढे आणला आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजी त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोजांग ही त्यांची कंपनी अडीच अब्ज डॉलर्सना विकत घेतली. २०२३ मध्ये या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले. खेळात ठरलेली गोष्ट नाही, पेपर नाही, गुणपत्रिका नाही. एक अफाट रान मिळते. दिवसा लाकूड तोडा, दगड खणा, घर बांधा. रात्री राक्षस-भुते येतात, त्यांच्यापासून जीव वाचवा. जीव वाचवायचा म्हटल्यावर चिलखत आलेच.

आता या चिलखताचा हिशेब पाहू. तो मोठा नेटका आहे. शिरस्त्राणाला ५, छातीच्या कवचाला ८, पायघोळ तुमानीला ७ आणि बुटांना ४, असे एकूण २४ तुकडे लागतात. चामडे असो, लोखंड असो, सोने असो वा हिरे, आकडा तोच. फरक पडतो तो संरक्षणात. पूर्ण पोशाखाचे गुण चामड्याला ७, सोन्याला ११, लोखंडाला १५ आणि हिऱ्याला २०. खेळाडूचा जीव २० गुणांचा, पडद्यावर तो दहा बदामांनी दाखवतात. समजा, १० गुणांचा म्हणजे पाच बदामांचा घाव बसला. अंगावर काही नसेल तर दुसऱ्या घावाला खेळ आटोपला. संगणकावरच्या जावा आवृत्तीच्या गणिताप्रमाणे चामडे घातले असेल तर त्याच घावाचे ९.२ गुण लागतात, लोखंडात ६ आणि हिऱ्यांच्या चिलखतात फक्त ३. म्हणजे वाटेत काही खाऊन जीव भरून काढला नाही असे धरले, तर चामडेवाला तिसऱ्या घावाला पडतो, लोखंडवाला चौथ्या आणि हिरेवाला थेट सातव्या. शिवाय चिलखत झिजते. चामड्याच्या कवचाची टिकण्याची क्षमता ८०, लोखंडी कवचाची २४०, हिऱ्याच्या कवचाची ५२८.

यात एक बारकी मेख आहे आणि ती आपल्या पुढच्या विषयाची किल्ली आहे. चिलखत कितीही भारी केले तरी त्याच्या गुणांमुळे घावाचा जास्तीत जास्त ८० टक्के भागच अडतो. गुण २० च्या पुढे नेले तर फार जबर घावांपुढे थोडा उपयोग होतो, पण ८० टक्क्यांची वेस काही ओलांडता येत नाही. म्हणून ज्याला खेळात नवे चिलखत आणायचे आहे, त्याने नुसता आकडा फुगवून भागत नाही. त्याला विचार करावा लागतो : हे चिलखत वेगळे कशात? मूळ खेळानेही हे ओळखले आहे. सोन्याचे चिलखत लेचेपेचे, पण ते अंगावर असले की पाताळातले पिग्लिन नावाचे डुक्करतोंडे अंगावर येत नाहीत. चामड्याचे बूट सर्वांत स्वस्त, पण भुसभुशीत बर्फात रुतत नाहीत ते तेवढेच. २०२० मध्ये आलेले नेदराइट हिऱ्याइतकेच २० गुणांचे, पण ते लाव्ह्यात पडले तरी जळत नाही. २०२५ मध्ये तांब्याचे चिलखतही आले. चामडे आणि लोखंड यांच्यामधली एक पायरी त्याने भरून काढली.

इतके झाल्यावर 'मॉड' म्हणजे काय ते सोपे आहे. मूळ खेळ कंपनीचा; पण जगभरचे हौशी लोक त्यात आपल्या पदरची भर घालतात. नवे प्राणी, नवी रानें, नवी हत्यारे. या भरीला मॉड म्हणतात. कंपनीच्या करारानुसार मॉड विकता येत नाही. तो फुकटच द्यावा लागतो. आपल्याकडे गणपतीत आरास करणारी मंडळी रात्र-रात्र जागतात आणि बघायला येणाऱ्याकडून तिकीट घेत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. मॉड लोकांना चिलखतांचे भारीच वेड. हजारो मॉड आहेत आणि त्यांतल्या कितीतरींत एखादा तरी नवा पोशाख असतोच. त्यांतले बरेचसे नुसते आकडे फुगवणारे. पण काही मात्र खरोखर विचार करून केलेले.

अशा चांगल्यांपैकी एक जुना आणि नावाजलेला मॉड म्हणजे 'ट्वायलाइट फॉरेस्ट', आपण त्याला संधिप्रकाशाचे रान म्हणू. बेनिमॅटिक या टोपणनावाच्या माणसाने तो गेल्या दशकाच्या सुरुवातीला केला आणि पुढे स्वयंसेवकांच्या गटाने तो सांभाळला. या रानात जायचे तर दोन बाय दोनचे पाण्याचे छोटे कुंड करायचे, भोवती फुलझाडे लावायची आणि पाण्यात एक हिरा टाकायचा. वीज कोसळते आणि वाट उघडते. पलीकडे कायमची कातरवेळ. ना धड दिवस, ना धड रात्र. दिवेलागणीला घराबाहेर थांबू नये असे सांगणाऱ्या आज्ज्यांना हे रान मुळीच पसंत पडणार नाही.

या रानातला पहिला मोठा शत्रू कोण, तर नागा! होय, आपलाच नाग. भिंतींनी वेढलेल्या अंगणात वळवळणारा एक अजस्र सर्प. त्याला मारले की खवले मिळतात आणि त्या खवल्यांची बंडी आणि तुमान होते. शिरस्त्राण नाही, बूट नाहीत. अर्धाच पोशाख. पंचमीला नागोबाला दूध-लाह्या देणाऱ्या घरात हे जरा अवघड वाटेल, पण पाश्चात्त्य खेळात आपला एक शब्द जाऊन वेटोळे घालून बसला आहे, याची गंमतही वाटेल.

नंतरची चिलखते एकेका कष्टाची आहेत. 'आयर्नवूड'साठी त्या रानातल्या झाडांखालची जिवंत मुळे खणून काढायची, त्यांत लोखंड आणि सोन्याचा कण मिसळायचा आणि भट्टीत घालायचे. त्याचे चिलखत बनवले की त्यावर जादूचे संस्कार आपोआप झालेले असतात. मूळ खेळात त्यासाठी वेगळे उपद्व्याप करावे लागतात. 'स्टीलीफ' म्हणजे पोलादाचे पान. ते जुन्या वास्तूंमधल्या पेट्यांतून शोधून आणावे लागते. 'नाइटमेटल'ची तऱ्हा आणखी वेगळी. किल्ल्यातल्या चिलखतधारी टोळभैरवांना मारले की त्यांच्या चिलखताचे तुकडे मिळतात. असे ९ तुकडे जोडून एक गोळा, तो भट्टीत घातला की एक लगड. पोशाखाला लगडी २४. म्हणजे तुकडे किती? नऊ चोक छत्तीस, हातचे तीन. नऊ दुणे अठरा नि तीन एकवीस. २१६! पाढे पाठ करायला कंटाळणारा मुलगा हा हिशेब बोटे न मोजता सांगतो, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे.

'फायरी' नावाच्या चिलखताला अनेक तोंडांच्या हायड्रा या सर्पाचे जळते रक्त लागते. एक कुपी रक्त आणि एक लोखंडी लगड मिळून एक धगधगती लगड. हे चिलखत घातलेल्यावर जो चाल करतो, तो स्वतःच पेटण्याची शक्यता असते. बर्फाळ भागात केसाळ यती भेटतात. हिमालयातून निघालेला हा यती जगभर फिरून इथेही पोचला. त्यांच्या म्होरक्याच्या कातड्याचे चिलखत हल्लेखोराला गारठवून त्याची चाल मंदावते. साध्या लव असलेल्या कातड्याचा 'आर्क्टिक' पोशाख मात्र हवा त्या रंगात रंगवता येतो.

आणि या सगळ्यांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते 'फँटम', म्हणजे भुताचे चिलखत. त्यासाठी आधी मूळ खेळातले मरण समजून घ्यायला हवे. माइनक्राफ्टमध्ये खेळाडू मेला की पुन्हा जिवंत होतो, पण त्याच्या जवळचे सगळे जिथे मेला तिथेच सांडते आणि साधारण पाच मिनिटांत नाहीसे होते. दोन आठवडे खपून केलेले चिलखत, २१६ तुकड्यांचे, एका चुकीच्या पावलाने गेले! अशा वेळी पोरगा जेवणाच्या ताटावर मुसमुसत बसतो आणि आपण म्हणतो, "अरे खेळ तो, त्यात काय रडायचं?" पण विचार करा. त्याने तितके दिवस खरेच घालवले आहेत. वस्तू खोटी असली तरी श्रम खोटे नव्हते. शेजारच्या काकूंची रांगोळी पावसाने धुऊन गेली तर आपण 'रंगच होता' असे म्हणत नाही. तेव्हा त्या पाच मिनिटांपुरते पोराला मूर्खात काढू नये. विचारावे, "कुठे पडलास? परत जाऊन शोधता येईल का?" एवढेच पुरते.

भुताच्या चिलखताची गोष्ट अशी की ते मेल्यावरही जात नाही, खेळाडूपाशीच राहते. शिरस्त्राण आणि छातीचे कवच, असे दोनच नग. ते विकत किंवा घडवून मिळत नाही. भुताटकीच्या सरदारांना हरवल्यावरच हाती येते. कर्णाचे कवच जन्मासोबत आलेले होते आणि त्याने ते जिवंतपणी अंगावरून कापून दिले. हे कवच नेमके उलटे : नंतर मिळवायचे आणि मग मरणानेही न सुटणारे. मुलाला कर्णाची गोष्ट सांगायची असेल तर याहून चांगला मुहूर्त नाही. कारण आपले सगळ्यांत भारी चिलखत मागायला आलेल्याला देऊन टाकणे म्हणजे काय, हे त्याला आता पुरते कळते.

दोन भाषांच्या आपल्या घरांना या मॉडमध्ये आणखी एक खेळ सापडू शकतो. मॉडमधल्या वस्तूंची नावे एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली असतात; दर भाषेला एक फाइल. ती साध्या मजकुरासारखी उघडते. डावीकडे संगणकाचा शब्द, उजवीकडे माणसाचा. उजवीकडचा शब्द बदलला की खेळात नाव बदलते. ही फाइल मराठीत करायची तर? आणि कन्नडमध्ये करायची तर? रविवारी दुपारी जेवणानंतर बसून पाहा.

'कवच' हा शब्द दोन्ही भाषांचा, तिथे भांडण नाही. मराठीला त्याशिवाय चिलखत आहे, बख्तर आहे. आयर्नवूड म्हणजे लोखंडी लाकूड. कन्नडमध्ये 'कब्बिणद मर' म्हणावे, तर मराठी आज्जी दचकणार. कारण कन्नडमधले 'मर' म्हणजे झाड, आणि मराठीत तोच शब्द शिवीसारखा लागतो! फँटमसाठी कन्नडमध्ये 'देव्व' म्हणावे तर तिथे आणखी गंमत. कन्नडमधले देव्व म्हणजे भूत आणि आपला देव म्हणजे देव. एका जोडाक्षराने देवाचे भूत होते. नाइटला मराठीत काय म्हणायचे? घोडा आणि हत्यारे स्वतःची असणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. मग चिलखत घालून आपल्या घोड्यावर बसणारा नाइट शिलेदारच म्हणायला हवा. शिलेदार हा शब्दही मूळचा फारसी, शस्त्र बाळगणारा या अर्थाचा.

आणि स्टीलीफ? मराठीत पोलादी पान. कन्नडमध्ये 'उक्किन एले'. या 'उक्कु' शब्दाला मोठा इतिहास आहे. दक्षिण भारतात मुशीत बनणाऱ्या उत्तम पोलादाला युरोपात 'वूट्झ' म्हणत आणि हा शब्द उक्कुवरूनच बिघडून झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जॉर्ज पिअर्सन यांनी या पोलादावर निबंध मांडला. पुढे मायकेल फॅरडे यांनीही या पोलादाचा अभ्यास केला. म्हणजे ज्या काळी इंग्लंडचे विद्वान आपले पोलाद हातात घेऊन हे कसे केले असेल म्हणून डोके खाजवत होते, त्या पोलादाचे नाव आजही आपल्या शेजारणीच्या तोंडी आहे. मुलाला हे सांगितले तर स्टीलीफ त्याला नुसते पान राहणार नाही. ही नावे शोधताना आईकडची आज्जी कन्नड शब्द देईल, वडिलांकडची मराठी. एका फाइलमध्ये दोघींची नावे बसू शकतात. हे सगळीकडे इतके सोपे नसते.

आता सावधगिरीचे. हे न सांगता लेख संपवला तर पालकांशी प्रतारणा होईल.

एक, मॉड म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या संगणकात घेणे. २०२३ च्या जून महिन्यात कर्सफोर्जसारख्या मोठ्या आणि विश्वासाच्या संकेतस्थळावरील काही मॉडमध्ये 'फ्रॅक्चरायझर' नावाचा घातक प्रोग्रॅम शिरला होता. संगणकात साठवलेले पासवर्ड चोरणे हा त्याचा उद्देश. ते लवकर उघडकीस आले, पण धडा मिळाला. ज्या संगणकावर घरचे बँकेचे व्यवहार होतात, त्यावर मॉड नकोत. दुसरा संगणक नसेल तर निदान मुलाचे खाते वेगळे करावे, त्याला नवे प्रोग्रॅम बसवण्याचे सर्वाधिकार देऊ नयेत आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवू नयेत. मॉड घ्यायचेच तर कर्सफोर्ज किंवा मॉडरिंथ अशा जाणत्या ठिकाणाहून. 'इथे दाबा, फुकट मिळवा' असे ओरडणाऱ्या पानांवरून कधीच नाही.

दोन, युरोपच्या पद्धतीत मूळ खेळाला सात वर्षे आणि त्यापुढील वय ठरवून दिले आहे. मॉडला असे कुणी वय ठरवत नाही. बहुतेक निरुपद्रवी असतात, काहींत रक्तपात जास्त असतो. पहिल्या दिवशी शेजारी बसून पाहावे.

तीन, मॉड खेळाच्या विशिष्ट आवृत्तीसाठीच असतो. आवृत्ती बदलली किंवा मॉड काढून टाकला की त्यातली चिलखते त्या जगातून नाहीशी होतात. म्हणून बदल करण्याआधी जगाची प्रत दुसरीकडे ठेवायला शिकवा. हिशेबाची वही दोन ठिकाणी ठेवायची सवय पुढे जन्मभर उपयोगी पडते. आणि हे सारे संगणकावरच्या जावा आवृत्तीचे. मोबाइलवरच्या आवृत्तीला हे मॉड चालत नाहीत, तिथे 'अ‍ॅड-ऑन' नावाचा निराळा प्रकार आहे. तेव्हा मोबाइलवर 'ट्वायलाइट फॉरेस्ट' मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. घड्याळ लावून 'उठ आता' म्हणण्यापेक्षा 'हा गोळा भट्टीत घालून झाला की उठ' असे म्हटले तर उठणे सोपे जाते, कारण खेळातले काम असेच टप्प्याटप्प्याने चालते. मात्र टप्पा आधी ठरवावा आणि दोन्ही बाजूंनी पाळावा.

ज्या मुलाला चिलखते घालून कंटाळा येईल, त्याला ती करायला लावा. एका चिलखताला काय लागते? चार आकडे संरक्षणाचे, एक टिकाऊपणाचा, बनवायची कृती, नावे आणि चित्रे. पिशवीत दिसणारे चित्र फक्त १६ बाय १६ ठिपक्यांचे, अंगावर दिसणारे ६४ बाय ३२ चे. चौकटीच्या वहीत रंगीत पेन्सिलने आधी काढता येते. आईला किंवा काकीला भरतकामाचे नमुने येत असतील तर ती यात पोरापेक्षा वरचढ ठरेल. एमक्रिएटर नावाच्या मोफत साधनाने प्रोग्रॅमिंग न येताही साधा मॉड करता येतो. आकडे ठरवताना मुलाला तोच प्रश्न विचारा, जो चांगल्या मॉडवाल्यांना पडला होता : तुझे चिलखत वेगळे कशात? '१०० गुणांचे करतो' म्हणाला तर त्याला ८० टक्क्यांची वेस दाखवा आणि पुन्हा विचार करायला बसवा.

या सुट्टीत कुणाच्या घरी असा एखादा पोशाख तयार झाला, तर त्याचे नाव मराठीत काय ठेवले आणि कन्नडमध्ये काय, ते आमच्या साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.